निफाडच्या थंडीसाठी विणकाम : एका नवशिकीच्या प्रकल्प नोंदी

६ नोव्हेंबर

या हिवाळ्यात सुयांवर विणायच्या वस्तूंची यादी आज नक्की केली. सासऱ्यांसाठी, म्हणजे अण्णांसाठी मफलर, नवऱ्यासाठी कानटोपी, जाऊबाईंच्या बाळासाठी बोरन्हाणाला घालायची काळी बंडी, वाघ्या कुत्र्यासाठी अंगात घालायचा कोट आणि मनी मांजरीसाठी बसकर, अशी ती पाच कामे आहेत. निफाड तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडचे वारे सुरू झाले की पहाटेचे तापमान एक आकडी होते आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा रोज वर्तमानपत्रात येऊ लागतो. दुपारी मात्र याच दिवसांत अंगावर स्वेटर सहन होत नाही. म्हणून जे विणायचे ते सहज काढता-घालता आले पाहिजे, ही अट पहिल्यापासून आहे.

मला येते ते इतकेच : टाके घालणे, सुलट टाका, उलट टाका आणि टाके बंद करणे. पुण्याची मावशी फोनवर शंका सोडवते. या नोंदी माझ्यासारख्या ज्यांनी नुकत्याच सुया हातात घेतल्या आहेत त्यांच्यासाठी ठेवते आहे, त्यामुळे मापे, टाक्यांची संख्या आणि खर्च शक्य तितका स्पष्ट लिहीन.

खरेदी : ८ नंबर आणि १० नंबरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सुयांच्या जोड्या, प्रत्येकी ५० रुपये. टोपीसाठी ५० ग्रॅमचे दोन गुंडे, प्रत्येकी ४५ रुपये. दुकानात या सगळ्याला ‘लोकर’ म्हणतात, पण वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘१०० टक्के अ‍ॅक्रिलिक’ असे छापलेले आहे. आज त्याकडे विशेष लक्ष दिले नाही.

९ नोव्हेंबर

टोपीपासून सुरुवात केली. इंटरनेटवरच्या एका अमेरिकन आराखड्यात ८ नंबरच्या सुया, ९० टाके आणि १० सेंटिमीटरला १८ टाके असे दिले होते. माझ्याकडेही ८ नंबरच्याच सुया असल्यामुळे थेट ९० टाके घातले. चार बोटे विणून झाल्यावर पट्टी लावली तेव्हा घेर ४१ सेंटिमीटर भरला. नवऱ्याच्या डोक्याचा घेर ५७ सेंटिमीटर आहे.

कारण शोधायला वेळ गेला, पण ते पक्के सापडले. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक सुयांवर जुना ब्रिटिश क्रमांक असतो आणि त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. १२ नंबर म्हणजे २.७५ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५, ८ नंबर म्हणजे ४ आणि ६ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. अमेरिकन क्रमांक याच्या अगदी उलटे चालतात. तिथे आकडा वाढला की सुई जाड होते, आणि त्यांचा ८ नंबर ५ मिलिमीटरचा असतो. म्हणजे आराखड्यातली सुई ५ मिलिमीटरची होती आणि माझ्या हातातली ४ मिलिमीटरची. नवऱ्याच्या अवजारांच्या पेटीतल्या व्हर्नियर कॅलिपरने माझी सुई मोजून खात्री करून घेतली. यापुढे या नोंदींत क्रमांकाबरोबर मिलिमीटर लिहीनच, आणि वाचणाऱ्यांनीही आराखडा कोणत्या देशाचा आहे ते पाहून मिलिमीटरचाच आकडा धरावा.

विणलेले सगळे उसवले. उसवलेला धागा नागमोडी राहतो आणि तो तसाच वापरला तर टाके उंच-सखल दिसतात. मावशीने सांगितल्याप्रमाणे त्याची सैल लडी केली, चार ठिकाणी बांधली, कोमट पाण्यात बुडवून काढली आणि खाली हलके वजन अडकवून सावलीत टांगली. सकाळपर्यंत धागा बराच सरळ झाला.

१६ नोव्हेंबर

टोपी पूर्ण झाली. या वेळी आधी १५ सेंटिमीटरचा नमुना चौकोन विणला आणि कडेचे टाके सोडून मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजले. ४ मिलिमीटर सुईवर ते २२ भरले. टोपी डोक्यापेक्षा पाच-सहा सेंटिमीटर कमी घेराची असली तरच ती ताणून बसते, म्हणून ५१ सेंटिमीटर घेर धरून ११२ टाके आणि मागच्या शिलाईसाठी दोन, असे ११४ टाके घातले. काठ एक सुलट एक उलट असा १२ सेंटिमीटर विणला, म्हणजे तो अर्धा दुमडता येतो आणि कानांवर दुहेरी थर येतो. पुढे २० सेंटिमीटरपर्यंत एक ओळ सुलट, एक ओळ उलट. मग टाके आठ भागांत वाटून एक ओळ सोडून एका ओळीत प्रत्येक भागात दोन टाके एकत्र विणत गेले. शेवटी उरलेल्या टाक्यांतून धागा ओवून तो आवळला.

एक सुलट एक उलट विणताना दोन टाक्यांच्या मध्ये धागा पुढे-मागे नेणे विसरले तर सुईवर जास्तीचा वेढा पडतो आणि पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो. माझ्या काठात असे टाके वाढत होते. तीन-चार ओळींनी टाके मोजायची सवय लावल्यापासून दोष लगेच सापडतो आणि फार उसवावे लागत नाही.

२२ नोव्हेंबर

अण्णांच्या मफलरसाठी त्याच अ‍ॅक्रिलिकचे तीन गुंडे आणले, १३५ रुपये. ३६ टाके घालून एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण धरली, कारण समोरून ती सर्वांत नितळ दिसते. एक हात लांबी झाली तेव्हा दोन्ही कडा मागच्या बाजूला गुंडाळल्या जाऊन मफलरची नळी झाली.

ती सपाट करण्यासाठी ओले फडके ठेवून गरम इस्त्री फिरवली. कडा सपाट झाल्या, पण वीण कायमची मलूल पडली. अ‍ॅक्रिलिक हे प्लास्टिकच्या जातीचे सूत आहे. उष्णतेने त्याचा लवचीकपणा जातो आणि कितीही धुतले तरी तो परत येत नाही. तो तुकडा हातात धरला की खाली लोंबतो, गळ्याभोवती धरून राहत नाही.

मावशीला फोन केला. ती म्हणाली, “अगं, ही साधी वीण वळणारच. तिचा स्वभावच तो. इस्त्री कितीही केलीस तरी धुतल्यावर पुन्हा वळेल. दोन सुलट दोन उलट घाल, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतील आणि कडाही जागेवर राहतील.” कारण असे की सुलट टाका एका बाजूला ओढतो आणि उलट टाका दुसऱ्या. ते दोन्ही एकाच ओळीत आले की ओढ एकमेकांना सांभाळते. सगळ्या ओळी सुलट विणल्या तरीही कापड सपाट राहते, फक्त लांबी वाढायला वेळ लागतो, कारण त्यात ओळी दाटीने बसतात.

मफलर दोन सुलट दोन उलट या विणीत पुन्हा घातला. टाक्यांची संख्या चारच्या पटीत अधिक दोन घ्यावी, म्हणजे ओळ दोन सुलटांनी सुरू होऊन दोन सुलटांनी संपते. मी ४२ घेतले.

३० नोव्हेंबर

आज मफलर अर्धा झालेला असताना थांबवला.

थंडी वाढली की द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात, म्हणून बागेत पहाटे जागोजाग शेकोट्या पेटवतात आणि ठिबकने पाणी सोडतात. अण्णा त्या वेळी काड्या सरकवायला वाकतात आणि मफलरची टोके पुढे लोंबतात. काल त्यांचा जुना, दुकानातून आणलेला मफलर धुवायला घेतला तेव्हा त्याच्या टोकाला कडक, काळे, वितळून घट्ट झालेले ठिपके दिसले. ठिणग्या पडल्या होत्या.

अंगणात पाण्याने भरलेली परात खाली ठेवून, लांब चिमट्यात धरून चार धागे पेटवून पाहिले. माझे अ‍ॅक्रिलिक ज्योत जवळ आणताच आक्रसले, पेटले, ज्योत काढून घेतल्यावरही जळत राहिले आणि त्याचा काळा थेंब खाली पडून कडक मणी झाला. सासूबाईंच्या जुन्या शालीचा, खात्रीच्या लोकरीचा धागा मुश्किलीने पेटला, ज्योत बाजूला करताच विझला, केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली. सुती धागा कागदासारखा जळून त्याची हलकी करडी राख झाली. एका गुंड्यावर ‘वूल’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे, त्यात केसांचा वासही आला आणि कडक मणीही झाला, म्हणजे तो मिश्र धागा आहे. ही चाचणी कोणालाही दोन मिनिटांत करता येते आणि वेष्टनापेक्षा ती अधिक विश्वासाची आहे. ती उघड्यावरच करावी आणि मुलांना लांब ठेवावे.

वितळलेले अ‍ॅक्रिलिक कातडीला चिकटते आणि म्हणून त्याने भाजलेली जखम वाईट असते. शेकोटीजवळ वावरणाऱ्यासाठी ते विणायचे नाही असे ठरवले. हा निर्णय वाघ्यालाही लागू आहे, कारण तो रात्रभर शेकोटीच्या जितक्या जवळ जाता येईल तितका जाऊन पडतो. माझ्या यादीत कोणासाठी कोणते सूत हे मी रंग आणि किंमत पाहून ठरवले होते. आज यादी पुन्हा लिहिली आणि प्रत्येक नावापुढे ती वस्तू दिवसाच्या कोणत्या वेळी, कुठे वापरली जाणार आणि ती कोण धुणार, हे लिहिले. अण्णा आणि वाघ्या यांच्यासाठी शुद्ध लोकर. बाळाची बंडी रोज धुवावी लागेल आणि ते घरातच असते, म्हणून अ‍ॅक्रिलिक. नवऱ्याची टोपी तो मोटारसायकलवरून कामाला जाताना घालतो, म्हणून ती आहे तशी राहू द्यायची. तो बागेत जाईल तेव्हा ती घरी ठेवायची हे त्याला सांगितले आहे.

१२ डिसेंबर

शुद्ध लोकर नाशिकहून मागवली. १०० ग्रॅमला ३५० रुपये, म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्या जवळजवळ चौपट. मफलरसाठी २०० ग्रॅम घेतली. सोबत ७ नंबरच्या, म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या सुया आणल्या.

अण्णांना टोके लोंबायला नको होती, पण डोक्यावरून घालायचा बंद गळपट्टाही नको होता, कारण पहाटे कानांवरून गुंडाळलेला मफलर दिवस चढला की त्यांना एका हाताने ओढून काढायचा असतो. यावर उपाय म्हणून मफलर १२० सेंटिमीटरच ठेवला आणि एका टोकापासून १५ सेंटिमीटरवर त्याला उभी खाच दिली, म्हणजे दुसरे टोक त्या खाचेतून ओढून कोटाच्या आत खोचता येते. खाच अशी करतात : ४२ टाक्यांपैकी २० टाके एका धाग्याने आणि उरलेले २२ दुसऱ्या गुंड्याच्या धाग्याने, असे दोन पट्टे शेजारी-शेजारी १० सेंटिमीटर विणायचे आणि नंतर सगळे टाके पुन्हा एकाच धाग्यावर घ्यायचे. दोन्ही पट्ट्यांच्या ओळी सारख्याच भरल्या आहेत ना हे मोजून पाहावे. माझ्या एका पट्ट्यात दोन ओळी जास्त झाल्या होत्या आणि जोडल्यावर तिथे सुरकुती आली, म्हणून तेवढे परत विणले. खाचेच्या दोन्ही टोकांना ताण येतो, तिथे त्याच लोकरीचे दोन-तीन टाके सुईने घालून ती पक्की केली.

अण्णांनी आज पहाटे तो वापरला. लोकर मानेला थोडी टोचते असे ते म्हणाले. आतून सुती रुमाल घालून पुन्हा वापरायचे ठरले आहे.

२१ डिसेंबर

वाघ्याचा कोट. तो गावठी जातीचा, आखूड केसांचा, सडपातळ कुत्रा आहे आणि आता वयस्कर झाल्यामुळे सकाळी उठताना त्याचे मागचे पाय आखडलेले असतात. मापे : मान ३८ सेंटिमीटर, पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर ६० सेंटिमीटर, गळपट्ट्यापासून शेपटीच्या सुरुवातीपर्यंत पाठ ५२ सेंटिमीटर. मापे तो उभा असताना घ्यावीत. बसलेल्या कुत्र्याची पाठ वेगळी भरते.

लोकर ३०० ग्रॅम, १०५० रुपये. ४.५ मिलिमीटर सुईवर १० सेंटिमीटरला १८ टाके. ६० सेंटिमीटरला १०८ टाके होतात, ते पाठीला ७२ आणि पोटाला ३६ असे वाटले. दोन्ही तुकडे वेगळे विणून बाजूंनी शिवायचे आणि पुढच्या पायांसाठी फट ठेवायची, असा आराखडा मी स्वतःच केला. साधी वीण बाहेरून नितळ राहते म्हणून तीच घेतली आणि कडा वळू नयेत म्हणून दोन्ही बाजूंचे सहा-सहा टाके प्रत्येक ओळीत सुलट ठेवले. गळ्याशी दोन सुलट दोन उलट.

२८ डिसेंबर

कोट घालून पाहिला आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक मापात बदल करावा लागणार हे दिसले.

गळा डोक्यावरून जाईना. मानेचा घेर ३८ असला तरी कानांपाशी डोके ४४ सेंटिमीटर भरते, आणि मी टाके घट्ट बंद केले असल्यामुळे विणीत ताण असूनही काठ ताणला जात नव्हता. काठ उसवून टाके ६ नंबरच्या, म्हणजे ५ मिलिमीटरच्या सुईने सैल बंद केले, तेव्हा तो डोक्यावरून गेला.

छातीला ६० सेंटिमीटरचा कोट उभ्या कुत्र्याला बरोबर बसतो, पण तो बसला किंवा त्याने पुढचा पाय लांब टाकला की सगळी वीण काखेत ओढली जाते. पायांसाठी ठेवलेली ८ सेंटिमीटरची फट फारच लहान ठरली. एका रात्रीनंतर डाव्या काखेत केस दबून कातडी लालसर दिसली. पोटाचा तुकडा मी ४० सेंटिमीटर लांब केला होता. नर कुत्र्यासाठी हे चूकच आहे, कारण लघवी करताना तो ओला होतो आणि पहाटेच्या थंडीत ओली लोकर पोटाला चिकटून राहणे हे कोट नसण्यापेक्षा वाईट.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. वाघ्या बागेत फिरतो, तिथे तारा आणि लोखंडी अँगल आहेत. शिवून पूर्ण बंद केलेला कोट तारेत अडकला तर त्याला सुटता येणार नाही. शिवाय गोखरू आणि कुसळे विणीत इतकी घट्ट बसली होती की ती काढताना टाके ओढले गेले. म्हणून कोट फक्त रात्री, तो पडवीत झोपतो तेव्हाच घालायचा आणि सकाळी बाहेर सोडण्याआधी काढायचा, असा घरात नियम केला.

६ जानेवारी

दुसरा कोट, खरे तर पहिल्याचाच सुधारलेला. पाठीचा तुकडा तसाच ठेवला. पोटाचा तुकडा पूर्ण उसवून ४५ टाक्यांचा आणि २८ सेंटिमीटर लांबीचा केला, म्हणजे एकूण घेर ६५ सेंटिमीटर झाला. पायांची फट १३ सेंटिमीटर ठेवली आणि तिच्या कडेचे टाके उचलून भोवती चार ओळी सुलट विणल्या, म्हणजे काखेत शिलाईची कडक कड लागत नाही.

एक बाजू शिवली आणि दुसरी उघडी ठेवली. तिला आधी वेल्क्रो लावून पाहिले. त्याचे आकडे लोकरीतच अडकतात आणि प्रत्येक वेळी उघडताना धागे बाहेर येतात. ते काढून तीन मोठी, चपटी बटणे लावली, आणि तीही खांद्याच्या मागे उंचावर, जिथे वाघ्याचे तोंड पोहोचत नाही. बटणांसाठी काजी न करता सुती धाग्याचे बारीक फासे लावले आहेत. कोट कुठे अडकलाच तर लोकर फाटण्याआधी ते तुटतील, आणि ते मला हवे आहे.

वाघ्या पहिल्या दिवशी कोट घातल्यावर जागचा हलला नाही. दोन-तीन दिवस रात्रीच्या भाकरीच्या वेळी थोडा थोडा वेळ घालून नंतर काढला. आता तो कोट पाहून मान पुढे करतो. मागच्या पायांचा आखडलेपणा कोटाने गेलेला नाही. त्यासाठी पशुवैद्यांना दाखवले आहे आणि त्यांनी जमिनीवरचा गारवा लागू देऊ नका असे सांगितले. घोंगड्या विणणाऱ्या एका परिचित कुटुंबाने दख्खनी मेंढीच्या लोकरीचे हाताने कातलेले उरलेले सूत दिले. ते इतके भरड आहे की अंगात घालण्याची वस्तू त्याची करू नये, पण त्याची जाड पथारी उत्तम झाली. हे सूत आधी कोमट पाण्यात भिजवून ठेवावे, कारण घोंगडीसाठी त्याला चिंचोक्याची खळ लावलेली असू शकते आणि खळ लावलेले सूत सुईवरून सरकत नाही.

११ जानेवारी

बाळाची काळी बंडी वाघ्याच्या कोटाबरोबरच चालू होती. ४ प्लाय अ‍ॅक्रिलिक, २५ ग्रॅमचे पाच गुंडे, १५० रुपये. १० नंबरची म्हणजे ३.२५ मिलिमीटरची सुई, १० सेंटिमीटरला २८ टाके. छाती ४३ सेंटिमीटर, त्यात पाच सेंटिमीटर ढिलाई धरली. मागचा तुकडा ६६ टाके आणि पुढचे दोन, बटणपट्टीसह प्रत्येकी ३६. बाळाचे डोके छातीच्या मानाने मोठे असते आणि डोक्यावरून कपडा ओढलेला त्याला आवडत नाही, म्हणून बंडी पुढून पूर्ण उघडणारी केली.

काळ्या रंगावर नवशिक्याने रात्री विणू नये. दिव्याखाली टाके वेगळे दिसतच नाहीत. निसटलेला टाका मला दहा-बारा ओळी खाली गेल्यावर समजला. तो क्रोशाच्या सुईने शिडीसारख्या उभ्या धाग्यांतून एकेक करत वर आणला आणि त्यामुळे उसवण्याची वेळ टळली. नंतर मांडीवर पांढरा पंचा पसरून त्यावर काम धरले. पांढऱ्या पार्श्वभूमीवर टाक्यांमधली भोके उठून दिसतात आणि सुई बरोबर जाते. त्यानंतर वेग जवळजवळ दुप्पट झाला.

पाचवा गुंडा नंतर आणला होता. त्याच्या वेष्टनावरचा रंगाचा लॉट नंबर वेगळा होता. घरात दोन्ही काळे सारखेच वाटले, उन्हात मात्र एक निळसर आणि दुसरा तपकिरी झाकेचा दिसला. तोपर्यंत एक पुढचा तुकडा शिल्लक होता. तो आणि त्याच्या जोडीचा भाग, दोन्हींत दोन ओळी जुन्या गुंड्याच्या आणि दोन नव्याच्या असे आलटून-पालटून विणले, त्यामुळे फरक एका रेषेत न दिसता मिसळून गेला. लागेल त्यापेक्षा एक गुंडा जास्त, एकाच लॉटचा, सुरुवातीलाच घ्यावा. उरला तर त्याचे टोपडे होते.

बाळाच्या कपड्यात आतल्या बाजूला मोकळे धागे राहू देऊ नयेत, कारण ते बोटाभोवती गुंडाळले जाऊन बोटाचा रक्तपुरवठा थांबू शकतो. प्रत्येक टोक मी दोन दिशांनी ओवून मगच कापले. याच कारणाने हातमोजे विणायचा जाऊबाईंचा आग्रह मी मान्य केला नाही. बांधायच्या दोऱ्या आणि गोंडेही लावले नाहीत.

१९ जानेवारी

बोरन्हाण झाले. बंडी मापात बसली. हलव्याच्या दागिन्यांचे काटे मात्र विणीत अडकून तुटले आणि साखर टाक्यांत शिरली. गार पाण्यात अर्धा तास भिजवल्यावर ती विरघळून गेली, घासावे लागले नाही. पुढच्या वेळी दागिन्यांखाली साधे सुती कापड ठेवणे बरे.

२७ जानेवारी

मनीचे बसकर. इस्त्रीने मलूल झालेल्या मफलरचे आणि नंतर थांबवलेल्या अर्ध्या मफलरचे अ‍ॅक्रिलिक उसवून, धागा तिहेरी घेऊन, मावशीच्या ८ मिलिमीटरच्या जाड सुयांवर सगळ्या ओळी सुलट विणल्या. ४० सेंटिमीटरचा चौकोन काही तासांत झाला. मलूल पडणे हा मफलरचा दोष होता, इथे तो गुण ठरला.

याच कामात सर्वांत धोक्याची गोष्ट घडली. मनी धाग्याचे टोक चघळत होती आणि पाहीपर्यंत वीतभर धागा तोंडात गेला होता. मांजराच्या जिभेवर आत वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे एकदा तोंडात गेलेला धागा तिला सहज थुंकता येत नाही, तो आतच सरकत जातो. तिने अजून गिळला नव्हता म्हणून गालातून अलगद सोडवता आला. पशुवैद्यांनी सांगितलेले इथे मुद्दाम लिहिते : धागा गिळला गेला असेल तर तोंडातून किंवा मागून दिसणारे टोक कधीही ओढू नये. त्याचे एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकलेले असते आणि ओढल्यास तो आतड्याला चिरू शकतो. मांजर खाईना, उलट्या करू लागले किंवा तुम्ही धागा गिळताना पाहिले, तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे.

तेव्हापासून चालू गुंडा झाकणाच्या स्टीलच्या डब्यात राहतो आणि विणताना तो खोल पातेल्यात ठेवते. मनी खोलीत असेल तर विणत नाही. कापलेली टोके लगेच कचऱ्यात न टाकता एका बाटलीत जातात, कारण कचऱ्याच्या डब्यातूनही ती धागा ओढून काढते. बसकराला झालर ठेवली नाही आणि मनीसाठी विणलेली खेळणी करण्याचा विचार सोडून दिला.

२२ फेब्रुवारी

थंडी ओसरली. लोकरी वस्तू धुऊन ठेवायच्या आहेत, म्हणून आधी वाघ्याच्या कोटाचा जपून ठेवलेला नमुना चौकोन मुद्दाम गरम पाण्यात साबणाने चोळून धुतला. १० सेंटिमीटरचा तुकडा आटून साडेसात झाला, टाके दिसेनासे झाले आणि तो नमद्यासारखा घट्ट बनला. घरात सर्वांना तो दाखवून ठेवला आहे, म्हणजे मफलर आणि कोट कोणी मशीनमध्ये टाकणार नाही.

मफलर आणि कोट कोमट पाण्यात रिठ्याच्या पाण्याने धुतले, पिळले नाहीत. पंच्यात गुंडाळून दाबले आणि सावलीत खाटेवर पसरून वाळवले. दोरीवर टांगले तर पाण्याच्या वजनाने लांबतात. कोटातली कुसळे धुण्याआधी काढली, कारण ओल्या लोकरीत ती आणखी आत जातात. लोकरीला कसर लागते, आणि ती घामाच्या व अन्नाच्या डागांवर आधी लागते, म्हणून न धुता काहीही ठेवायचे नाही. पूर्ण वाळल्यावर सुती पिशवीत, सुकवलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह ठेवले. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा ऊन दाखवायचे आहे. बंडी आणि टोपी अ‍ॅक्रिलिकच्या असल्यामुळे त्यांना कसरीचे भय नाही. त्या साध्या कपाटात ठेवल्या.

खर्च : टोपी ९० रुपये, थांबवलेल्या मफलरचे अ‍ॅक्रिलिक १३५, अण्णांच्या मफलरची लोकर ७००, वाघ्याच्या कोटाची १०५०, बंडी १५०, सुयांच्या चार जोड्या २००, बटणे ४०. एकूण २३६५ रुपये. पहिल्याच दिवशी अण्णा आणि वाघ्या शेकोटीजवळ असतात हे लक्षात घेतले असते तर १३५ रुपये आणि काही आठवडे वाचले असते. दुकानातला तयार लोकरी मफलर माझ्यापेक्षा स्वस्त मिळाला असता, पण खाचेचा मिळाला नसता.

अण्णांचा मफलर मानेपाशी टोचतो तो अजून टोचतोच. पुढच्या हंगामात त्याला आतून मऊ सुती कापडाची पट्टी शिवायची आहे, आणि वाघ्याच्या कोटाची पाठ दोन-तीन सेंटिमीटर वाढवायची आहे, कारण शेपटीपाशी तो उघडा राहतो. शिल्लक ५० ग्रॅम लोकर त्यासाठी कोटाच्याच पिशवीत, लॉट नंबराच्या वेष्टनासह ठेवली आहे.